लाटणं आल्याशिवाय गाडी सोडायची नाही

जेवायला बसताना कुणी रस्त्याकडे पाठ केली की तो माणूस काही न बोलता यायचा, आपली भाकरी फडक्यासकट उचलायचा आणि पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवायचा. मग आपण उठून भाकरीच्या मागे जायचं. तोंड रस्त्याकडे. येणारा प्रत्येक ट्रक धूळ उडवत जायचा आणि ती सरळ कालवणात. दोन वर्षं मी मोशीच्या रस्त्यावर धूळ लावून भाकरी खाल्ली ती ह्या माणसामुळे.

"पाठीला डोळे नसतात," तो म्हणायचा.

"तोंडाला बी धूळ खायची हौस नसती," आमच्यातली गंगू म्हणायची.

"धूळ थुंकता येते."

एवढं बोलून तो जायचा. भांडणारा माणूस परवडतो. हा भांडायला थांबायचाच नाही, त्यामुळे राग आपल्याच पोटात राहायचा.

तो आमचा मुकादम. भोसरीवरून चाकणकडे जाणारा नाशिकचा रस्ता तेव्हा रुंद करायला घेतला होता. सत्तर साल उलटून गेलं होतं. भोसरीत कारखान्यांची छपरं एकामागून एक चढत होती, ट्रक रोज वाढत होते आणि रस्ता मात्र बैलगाड्यांच्या काळातला. एक बाजू खणायची, खडी भरायची, आणि तोवर उरलेल्या बाजूने दोन्हीकडच्या गाड्या आळीपाळीने सोडायच्या, असं काम. आम्ही पाच बायका दिघीहून चालत यायचो. खडी फोडायची, घमेली उचलायची. दोन म्हातारे पाणी मारायला होते. बाकीचे गडी खडी दाबणाऱ्या रुळाबरोबर पुढे असायचे.

मुकादम आधी रेल्वेत होता. तिथून का निघाला असं विचारलं तर म्हणायचा, "तिथे सगळे नियम पाळतात. माझं काय काम?" खरं कारण कुणाला कळलं नाही. मला वाटतं, तिथेही त्याने लोकांचं डोकं खाल्लं असणार. अंगाने वाळका, टोपी नेहमी स्वच्छ, सायकलच्या दोन्ही चाकांना चुना लावलेला. चुन्याचं त्याला वेड होतं. दगडांना चुना, डांबराच्या पिंपांना चुना, झाडांना चुना. घमेल्यांच्या तळालासुद्धा चुना. आम्ही घमेलं डोक्यावर घेऊन चाललो की दुरून पांढरं दिसावं म्हणून. संध्याकाळी घरी गेलो की केसांत चुना, चुंबळीला चुना. माझी सासू विचारायची, "रस्ता बांधता का घर रंगवता?"

एकदा त्याने एका ट्रकवाल्याला विनंती केली आणि केबिनमध्ये बसून आमच्या कामावरून तीनदा गेला आला. उतरला तो सरळ माझ्यापाशी आला.

"तू मला दिसली नाहीस."

"मी हितंच तर व्हते."

"होतीस. पण दिसली नाहीस. हिरवं पातळ, मागे हिरवी बाभळ. ड्रायव्हरला बाभळच दिसते."

दुसऱ्या दिवसापासून हिरवं पातळ बंद. माझ्याकडे दोनच पातळं, त्यातलं एक हिरवं. मी ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि आठवड्याने भोसरीच्या एका बेकरीतून मैद्याची रिकामी पोती आणली. बायकोकडून त्याच्या बिनबाह्यांच्या बंड्या शिवून घेतल्या आणि आम्हाला पातळावरून घालायला लावल्या. त्या पोत्यांवर गिरणीचा छाप होता, मोठा लाल कोंबडा. तो नेमका पाठीवर आला. आम्ही पाच जणी वाकून खडी भरायला लागलो की रस्त्याकडे पाच कोंबडे. ट्रकवाले आरवत जायचे.

"ऐकता का, मुकादम?" गंगू म्हणाली. "कोंबडी करून ठेवली तुमी आमाला."

"आरवतात म्हणजे दिसता," तो म्हणाला आणि खूश झाला.

त्याच्या आधी पाटीचं प्रकरण झालं होतं. खात्याची एक पाटी होती, 'सावधान, पुढे काम चालू आहे'. त्याचं म्हणणं, काम कुणालाच दिसत नाही, माणूस दिसतो. म्हणून त्याने एका पिंपावर चुन्याने लिहिलं, 'इथे माणसं बसली आहेत'. तरी गाड्या हळू होईनात. तेव्हा त्याने आमची नावं लिहिली. पाचही बायकांची, वर एक, खाली एक, आणि शेवटी 'ह्या इथे बसल्या आहेत'. मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून मला वाचता आलं. बाकीच्यांना मी वाचून दाखवलं आणि मग जो दंगा झाला तो झाला. ड्रायव्हर खरंच हळू व्हायला लागले, पण ते ह्यातली गंगूबाई कोण ते बघायला. 'ए गंगूबाई' अशी हाक मारून जायचे. तिसऱ्या दिवशी गंगूचा नवरा कामावर आला. मोठा गडी, तालमीतला.

"माझ्या बायकोचं नाव रस्त्यावर लावलं कुणी?"

"मी," मुकादम म्हणाला. "वाचून गाड्या हळू होतात. तुम्ही उभे राहून बघा."

तो पैलवान खरंच उभा राहिला. दोन ट्रक हळू झाले, आणि दोघांनी हाका मारल्या. मग त्याने मुकादमाची गचांडी धरली. गचांडी धरलेल्या अवस्थेतच मुकादम म्हणाला, "जरा इकडे सरकून धरा. तुमची पाठ रस्त्याकडे आहे." आम्हाला हसू आवरेना, नवराही सोडून निघून गेला. मुकादमाने नावं पुसली आणि लिहिलं, 'पाच बायका, दोन म्हातारे'. म्हाताऱ्यांनी त्यावर वेगळी तक्रार केली.

आता माझ्या डोळ्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. खडी फोडताना एक कपची उडाली आणि माझ्या डाव्या डोळ्यात गेली. तो डोळा गेला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बाई, उजवा सांभाळ. पुन्हा हातोड्यापाशी बसलीस आणि त्यातही कपची गेली तर मी काही करू शकणार नाही." घरी सासू, पदरात एक पोर, नवऱ्याला कंपनीत काम कधी असायचं कधी नसायचं. मला काम सोडणं शक्य नव्हतं आणि हातोडा धरणंही शक्य नव्हतं.

मी पट्टी बांधूनच कामावर गेले. मुकादमाने तांबडा बावटा आणून माझ्या हातात दिला. रस्त्याच्या मोशीकडच्या टोकाला उभं राहून गाड्या अडवायच्या. आजवर ते काम गडीमाणसाचं होतं.

ठेकेदार जीपमधून उतरला आणि हसायला लागला. "अरे, सगळ्यांतून आंधळी शोधलीस व्हय बावट्याला?"

"एक डोळा चांगला आहे," मुकादम म्हणाला. "गाड्या समोरूनच येणार आहेत."

ह्यात दया होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. त्याचा हिशेब असा की जिचा एक डोळा गेला ती दुसरा उघडा ठेवील. पण ते काही असो, माझा उजवा डोळा त्या बावट्यावर टिकून होता. बावटा हातात आहे तोवर हातोडा नाही.

बावट्याचं काम सोपं नव्हतं. आमचा खणलेला तुकडा दोन फर्लांगांचा, मधे वळण, वळणावर बाभळी. मोशीकडच्या टोकाला मी, भोसरीकडच्या टोकाला मुकादम. एकमेकांना आम्ही दिसत नव्हतो. मग तिकडच्या गाड्या संपल्या हे इकडे कळायचं कसं? रेल्वेत म्हणे एकेरी रुळावर ड्रायव्हरच्या हातात एक खूण देतात, ती पुढच्या स्टेशनात पोचल्याशिवाय उलटी गाडी सोडत नाहीत. त्याने तेच रस्त्यावर आणलं. एक लाकूड रंगवायचं. तिकडून शेवटची जी गाडी निघेल तिच्या ड्रायव्हरकडे ते द्यायचं. त्याने ते माझ्याकडे द्यायचं. लाकूड माझ्या हातात आलं म्हणजे रस्ता रिकामा. मग मी माझ्या गाड्या सोडायच्या आणि शेवटच्या गाडीबरोबर लाकूड परत पाठवायचं.

पहिलं लाकूड नाशिकला गेलं. दुसरं एका टेम्पोवाल्याने चाकाखाली उटी म्हणून लावलं आणि तसंच विसरला. तिसरं फावड्याच्या दांड्याचा तुकडा होता, ते पेटवून कुणीतरी चहा केला. चौथ्या दिवशी मुकादम आमच्या घरी आला, सासूशी चार शब्द बोलला आणि माझं लाटणं घेऊन गेला.

"लाटणं कुणी पळवत नाही," तो म्हणाला. "हातात घेतलं की प्रत्येकाला घर आठवतं."

अर्धं तांबडं, अर्धं पांढरं रंगवलं. ते मात्र टिकलं. भाकरी हातावर होते म्हणून घरात अडलं नाही, पण सणाला मी पोळ्या शेजारणीचं लाटणं मागून केल्या. आणि रस्त्यावर दिवसभर एकच. "लाटणं आलं का?" "लाटणं कुठं राहिलं?" एस.टी.चा ड्रायव्हर खिडकीतून लाटणं पुढे करायचा आणि म्हणायचा, "घ्या वहिनी, मारू नका." रोज तोच विनोद, रोज तेच दात.

आणि लाटणं आल्याशिवाय गाडी सोडायची नाही म्हणजे नाही. एकदा साहेबांचीच जीप मी अडवली. रस्त्याचे मोठे साहेब. लाटणं यायला पाव तास लागला. साहेब मुकादमाला भेटले तेव्हा जाम चिडले होते. मुकादमाने त्यांना विचारलं, "बाई चुकली का?" साहेब जीपमध्ये बसून निघून गेले. ठेकेदाराला ह्या सगळ्याचा वैताग होता. रूळ अडतो, खडीच्या गाड्या अडतात, काम मागे पडतं. त्याचे ट्रक मुकादमाने हात केला तरी थांबायचे नाहीत. "मालकाची गाडी," असं ओरडून निघून जायचे. मुकादम मागे पळत जायचा. पन्नाशीच्या पुढचा माणूस ट्रकमागे पळतोय. मला बघून शरम वाटायची.

त्या दिवशी ऊन फार होतं. दुपारच्या जेवणाची वेळ. बायका वळणावर खणलेल्या बाजूला बसल्या होत्या. मी बावट्यावर. माझ्या टोकाला गाड्यांची रांग लागलेली, सगळ्यात पुढे चाकणच्या बाजारातून कांदा भरून निघालेला ट्रक. भोसरीकडच्या गाड्या येऊन गेल्या, पण लाटणं आलं नाही. मी वाट बघितली. भोंगे वाजायला लागले. मागून एक जण उतरून आला आणि मला नको ते बोलला. तेवढ्यात भोसरीकडून मोशीचा दूधवाला सायकलवरून आला. तो आमच्या आळीत दूध घालायचा, रोजच्या ओळखीचा.

"सोड की बाई," तो म्हणाला. "रस्ता मोकळा हाय. चिटपाखरू न्हाई."

मी बावटा खाली केला.

दूधवाला खोटं बोलला नव्हता. त्याने बघितलं तेव्हा रस्ता मोकळाच होता. पण ठेकेदाराचा खडीचा ट्रक त्यानंतर भोसरीकडून आत शिरला. तिथे त्या वेळी मुकादम नव्हता. लाटणं परत का येत नाही ते बघायला तो बावटा एका म्हाताऱ्याकडे देऊन चालत वळणाकडे निघाला होता. म्हाताऱ्याने बावटा आडवा धरला. ट्रकवाला "मालकाची गाडी" म्हणाला आणि गेला.

दोन्ही ट्रक वळणावर समोरासमोर आले. कांद्यावाल्याने वाचवायला म्हणून गाडी खणलेल्या बाजूला घातली. तिथे बायका. तिघींची तोंडं रस्त्याकडे होती, ट्रक दिसला, उठून पळाल्या. गंगूची पाठ होती. मुकादम टोकावर अडकला आहे, दोन वर्षांत एकदा निवांत जेवून घेते, असं म्हणून ती पाठ करून बसली होती. तिची भाकरी उचलायला कुणी नव्हतं.

मी पोचले तेव्हा ट्रक कलंडलेला, गंगू खड्ड्यात, पाय चाकाखालच्या खडीत दबलेला. मुकादम हातांनी खडी उपसत होता. रस्ताभर कांदे. लोक गाड्यांतून उतरून आले होते, त्यातले निम्मे कांदे वेचत होते. पदरात, टोपीत, शर्टात. मी हे वाढवून सांगत नाही.

गंगूचा पाय राहिला, पण गुडघ्यात वाकायचा थांबला.

लाटण्याचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. मोशीचा एक शेतकरी ते हातात घेऊन आला. आदल्या दिवशी रांगेत शेवटी त्याची बैलगाडी होती. मुकादमाने लाटणं त्याच्याकडे दिलं. त्याचा मळा वळणाच्या अलीकडेच. तो आपला गाडीवाटेने मळ्यात वळला आणि लाटणं घरी घेऊन गेला.

"मला वाटलं, ठिवायला दिलं," तो म्हणाला. "कारभारीण म्हणली, रंग लागतोय पोळीला. परत द्या."

तिने ते घासून ठेवलं होतं.

साहेब चौकशीला येणार होते त्याच्या आदल्या दिवशी ठेकेदार माझ्याकडे आला. गोड बोलत होता. "हे बघ, मुकादमानं दूधवाल्याच्या तोंडी निरोप धाडला, गाड्या सोड म्हणून. म्हणून तू सोडल्या. एवढंच सांगायचं. बावटा तुझ्याच हातात राहील. नाहीतर हातोडा हायच."

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. मला एकच डोळा होता. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली खुर्ची टाकून साहेब बसले, कारकून लिहायला बसला, आणि मी सांगितलं. मुकादमाने निरोप पाठवला, म्हणून सोडल्या.

साहेबांनी मुकादमाला विचारलं.

"मी निरोपावर गाडी सोडत नाही," तो म्हणाला. "निरोपावर सोडायची तर हिचं लाटणं कशाला आणलं असतं?"

"पण ती सांगते आहे ना?"

"ती खोटं सांगते आहे."

एवढं बोलून तो माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. त्याने बघितलं नाही. त्याची मान रस्त्याकडे होती, तिकडून एक एस.टी. येत होती.

खडीच्या ट्रकाचं नाव कुणी काढलं नाही. ज्या म्हाताऱ्याने बावटा आडवा धरला होता तो म्हणाला, आपल्याला दिसत नाही नीट. मुकादमाला त्याच दिवशी कामावरून काढलं.

नवीन मुकादम बरा होता. भाकरी उचलायचा नाही. त्याने बंड्या काढून टाकल्या आणि लाटणं मला परत दिलं. आता मागचा ड्रायव्हर नुसता हात दाखवून "मीच शेवटचा" म्हणायचा आणि मी गाड्या सोडायच्या. म्हणजे सोडायला हव्या होत्या. मला ते जमेना. दोन दोन जणांना विचारायचे, मगच बावटा खाली करायचे. रांगा लागायच्या, शिव्या मिळायच्या. बायका म्हणायच्या, जुना मुकादम हिच्या अंगात आला. मी जेवायला बसले की तोंड रस्त्याकडे असायचं. मला माझाच संताप यायचा.

गंगूला भेटायला मी तिच्या घरी गेले. तिने चहा दिला, बसल्या बसल्या, कारण उठायला तिला वेळ लागायचा. मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "पाय माझा गेला, काम मुकादमाचं गेलं. बावटा तेवढा तुझा ऱ्हायला." रागाने म्हणाली नाही.

चार एक महिन्यांनी मुकादम माझ्या टोकाला सायकलवरून आला. तेव्हा तो कासारवाडीत एका लाकडाच्या वखारीवर राखण करत होता. मी बावटा आडवा धरलेला होता. सायकलवाले कुणी थांबत नसत. तो थांबला, उतरला, रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. गाड्या सुटल्यावर सायकल ढकलत माझ्यापाशी आला.

मी तयारच होते. म्हटलं, आता शिव्या देईल, त्याही परवडतील.

"खोटं का सांगितलंस?" त्याने विचारलं.

"डोळा," मी म्हटलं.

त्याने थोडा विचार केला. "ते कारण आहे," म्हणाला. "पण कागद चुकीचा झाला."

"कसला कागद?"

"चौकशीचा. त्यात लिहिलंय, मुकादमाने तोंडी निरोप दिला, म्हणून अपघात झाला. उद्या दुसरीकडे असंच काम निघेल. तिथला साहेब हा कागद काढून बघेल आणि काय शिकेल? तोंडी निरोप देऊ नये. तो कुणी दिलाच नव्हता. खरी चूक झाली ती कुणाला कळणारच नाही."

"खरी चूक माझी. मी सोडल्या."

"तुझी दुसरी. पहिली माझी. मी बैलगाडीवाल्याला कुठवर जाणार ते विचारलं नाही. रेल्वेत गाडी मधेच मळ्यात वळत नाही, त्यामुळे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, शेवटचा तो शेवटचा."

ह्या माणसाचं काम माझ्यामुळे गेलं. त्याला ते परत नको होतं. माफी नको होती. त्याला कागद दुरुस्त करून हवा होता. मला त्याच्या टोपीपासून चुन्याच्या चाकापर्यंत सगळ्याची चीड आली.

"मी आले तर माझा बावटा जाईल," मी म्हटलं.

"जाईल," तो म्हणाला. खोटा धीर देणं त्याला कधी जमलं नाही. "सोमवारी साहेब कचेरीत असतात."

आणि सायकलवर बसून गेला. मी येईन की नाही, हे विचारलंच नाही.

सोमवारी मी खाडा केला आणि गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. चांगुलपणा म्हणू नका. चार महिने माझं काम मला नीट करता येत नव्हतं आणि तो चहा पोटात बसला होता, एवढं खरं. साहेबांची कचेरी पुण्यात; मुकादम थांब्यावर आधीच उभा होता. एस.टी.त बसायला जागा होती, तरी मुकादम पुण्यापर्यंत ड्रायव्हरच्या मागे दांडी धरून उभा राहिला आणि रस्ता बघत आला. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, "बाबा, बसा की."

साहेबांनी आम्हाला तासभर बाहेर ठेवलं. मग आत घेतलं. त्यांना वाटलं मुकादम काम मागायला आला आहे.

"ते कागद वर गेले आता," ते म्हणाले. "तुमच्यावरचा ठपका निघणार नाही."

"ठपका राहू द्या," मुकादम म्हणाला. "पण त्यात जी चूक लिहिली आहे ती माझी नाही. माझी वेगळी आहे. ती लिहून घ्या."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, हा बरा आहे ना अशा अर्थाने. मी म्हटलं, "लिहून घ्या, साहेब. न्हाईतर हा रोज यील." कारकुनाने कागद घेतला.

मुकादमाने आपलं सांगितलं. मी माझं सांगितलं. दूधवाल्याने फक्त रस्ता मोकळा आहे म्हटलं, मुकादमाचा निरोप नव्हता, लाटणं आलं नव्हतं, तरी मी सोडलं. कारकुनाने मान वर करून विचारलं, "लाटणं म्हणजे?" त्याला समजवायला आणखी पाव तास. त्याने लिहिलं, 'लाकडी लाटणे, रंगीत'.

मग खडीच्या ट्रकाचं आलं. साहेबांनी सांगितलं, "लिहा, समोरून एक ट्रक आला."

"कुणाचा?" मुकादम म्हणाला.

साहेबांनी पेन उचलून पुन्हा खाली ठेवलं. पंखा फिरत होता.

"ठेकेदाराचा," मी म्हटलं. "त्यानंच मला खोटं बोलाया लावलं." आता मागे राहण्यात काही अर्थ नव्हता.

साहेबांनी कारकुनाकडे बघितलं आणि मान हलवली. लिहिलं गेलं. अंगठ्यासाठी कारकुनाने शाईची डबी पुढे केली. मी ती सरकवली, कागद ओळ न् ओळ वाचला, आणि सही केली. माझी सही वाकडी येते. मुकादमाने कागद दोनदा वाचला, 'बैलगाडी' शब्दातली एक चूक दुरुस्त करून घेतली, मग सही केली.

बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "आता बरोबर झालं." मला भूक लागली होती. त्याने ते विचारलं नाही, सायकल दुरुस्तीला दिली आहे म्हणून घाईने निघून गेला.

तिसऱ्या दिवशी बावटा गेला. ठेकेदाराने हातोडा पुढे केला, मी तो घेतला नाही आणि घरी आले. दोन महिने वाईट गेले. मग भोसरीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लागले, कांदे चिरायला. उजवा डोळा रोज रडायचा, पण शाबूत राहिला. एक जागा रिकामी झाली तेव्हा गंगूलाही मी तिथे आणली, तांदूळ निवडायला. पाय लांब करून बसायची आणि माझ्यावर हुकूम सोडायची.

त्या कागदाचं काही झालं असं कुणी सांगितलं नाही. तो फडताळात गेला असणार. ठेकेदाराला पुढची कामंही मिळाली.

मुकादम मला पुन्हा एकदाच दिसला, कासारवाडीच्या फाटकापाशी. फाटक उघडं होतं, लोक जात होते, आणि हा दोन्हीकडे बघत उभा. मी हाक मारली नाही. मारली असती तर मी कुठे उभी आहे ह्यावर त्याने काहीतरी सांगितलं असतं.

ऐंशीच्या सुमाराला मी बहिणीकडे चाकणला निघाले होते. पुढचा रस्ता खणलेला, एस.टी. रांगेत थांबली. गाव आमचं नव्हतं, ठेकेदार वेगळा, माणसं अनोळखी. आमच्या एस.टी.च्या मागे एक ट्रॅक्टर होता, रांगेत शेवटचा. बावटेवाला रंगवलेली काठी घेऊन त्याच्याकडे गेला. मी खिडकीशी होते.

"कुठवर जाणार, पाटील?" त्याने काठी देण्याआधी विचारलं.

"ह्यो काय, हितंच. मळ्यात."

बावटेवाल्याने काठी मागे घेतली. ट्रॅक्टर रांगेतून काढून आधी पुढे सोडला, तो मळ्यात वळेपर्यंत आम्हाला अडवून धरलं, रांग नव्याने लावली, मग काठी आमच्या ड्रायव्हरकडे दिली. ह्यात चांगली वीस मिनिटं गेली. उन्हात एस.टी. तापली, पोरं रडायला लागली.

त्याला हे त्या कागदाने शिकवलं, की मुकादम सायकलवरून इथवर येऊन त्याचं डोकं खाऊन गेला होता, मला माहीत नाही. की त्या माणसाला ते त्याचं त्यालाच सुचलं होतं. तसंही असेल.

शेजारची बाई पदराने वारा घेत होती. "काय कटकट आहे हो ही," ती म्हणाली.

"आहेच," मी म्हटलं.